हवा आहे, ठेवावी

महेबूबचाचांच्या मुलीचा, शबानाचा फोन आला तेव्हा मी उमरीच्या आमच्या शाळेच्या मैदानावर फक्की टाकत होते. दुसऱ्या दिवशी तालुक्याचे सामने होते आणि होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंतची रेघ नेहमीप्रमाणे वाकडी गेली होती. "ताई, अब्बा गेले..." एवढंच ती म्हणाली.  फोन ठेवल्यावर मी फक्कीच्या अर्ध्या रिकाम्या पोत्यावर बसले. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की बरं झालं बाई, विचारून घेतलं. माणूस गेल्याची बातमी कानात असताना असं हायसं वाटावं याची मला लाज वाटली, पण वाटलं हे खरं. एकोणीस वर्षं मी महेबूबचाचांशी बोलले नव्हते. अडीच महिन्यांपूर्वी गेले, बोलले आणि मोकळी झाले. तेवढं घडलं नसतं तर त्यांनी माझ्या नावापुढे लिहिलेले दोन शब्द मी मरेपर्यंत उराशी घेऊन बसले असते, आणि तेही चुकीच्या अर्थाने.

लातूरच्या मोंढ्यात त्यांना सगळे महेबूबभाई म्हणत. एका अप्पांच्या आडत दुकानात ते मालाचा नमुना काढायचं काम करत. पोत्यात टोकदार पन्हळी खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, एक दाणा दाढेखाली धरायचा आणि चावायचा. दाणा कट्ट वाजला तर माल वाळलेला, दबला तर ओला. पुढे दुकानात ओल मोजायचं यंत्र, मीटर, आलं, तरी अप्पा आधी चाचांच्या तोंडाकडे बघायचे आणि मग यंत्राकडे. चाचांच्या सदऱ्याच्या खिशात कायम चार-दोन दाणे असत; हंगामाप्रमाणे कधी तुरीचे, कधी सोयाबीनचे. आम्ही पोरी त्यांना सर म्हणायला बघायचो, तर म्हणायचे, "सर शाळेत असत्यात. मी मोंढ्यातला माणूस हाय, चाचा म्हना." आणि हा मोंढ्यातला माणूस रोज संध्याकाळी पाच वाजता सायकलवर येऊन आम्हाला बेसबॉल शिकवायचा. लातुरात बेसबॉल! "म्हंजे बिनस्टंपाचं क्रिकेट का?" असं विचारून लोक हसायचे. चाचाही त्यांच्याबरोबर हसायचे आणि आपलं काम करत राहायचे.

हा खेळ त्यांच्यापर्यंत आला तो भूकंपातून. त्यांचं गाव औशाकडचं, किल्लारीच्या पट्ट्यातलं. घरातली तीन माणसं गेली, त्याबद्दल ते कधी बोलत नसत. बोलायचे ते पत्र्याच्या शेडबद्दल. शेडमध्ये जगभरातून कपड्यांची गाठोडी यायची. कुणाला कोट मिळाला, कुणाला लोकरीच्या टोप्या, आणि चाचांच्या अम्मीला मिळाला चामड्याचा एक भला जाड हातमोजा, तोही एकाच हाताचा. दुसरा हात शोधायला त्यांनी सगळी गाठोडी उपसली म्हणे. तो सापडला नाही तेव्हा अम्मीने त्याला कामाला लावलं. चुलीवरचं पातेलं उतरवायला त्याच्यासारखी वस्तू नव्हती. सहा महिने त्या हातमोज्याने डाळीची पातेली उतरवली. मग शेडच्या शाळेत खेळाचे एक गुरुजी आले. त्यांनी पातेल्याखाली तो मोजा बघितला आणि कपाळावर हात मारला. "अहो, हा बेसबॉलचा ग्लोव्ह आहे!" गुरुजींनी एक नियमांचं पुस्तक आणून दिलं. महेबूबभाई तेव्हा विशीतले, दिवसभर ढिगारे उपसणारे. ते म्हणायचे, "ढिगारे उपसून आलं की हेच काम. चेंडू टाकायचा, पकडायचा. येवढा टायम दुसरं काय आठवायचं न्हाई." भूकंपाने त्यांना अजून एक सवय लावली होती. कुठेही गेले तरी ते दाराजवळ बसायचे, छताखाली आत सहसा जायचे नाहीत. त्यामुळे मैदान हेच त्यांचं खरं घर झालं असावं.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा बारा वर्षांची होते. आमचं कापडाचं दुकान. तोवर लातुरात क्लासेसची लाट आली होती आणि आमच्या गल्लीत घरटी एक पाटी लागली होती, 'खोली भाड्याने मिळेल, फक्त विद्यार्थ्यांसाठी'. बाबांनीही वरचा मजला चढवून चार खोल्या केल्या. नांदेड, परभणी, बीडची पोरं तिथे राहायची, पहाटे उठून पाठ करायची, आणि त्यांच्या आवाजाने बाबांच्या मनात भरलं की आपल्या घरात डॉक्टर का नको? मी मात्र चेंडू टाकत होते. मला चाचांनी पिचर केलं. आपल्या इथे गोफण फिरवणाऱ्या बाईचा हात असतो तसा माझा हात होता म्हणे, खांद्यातून सुटणारा. ते मला बाकीच्यांपेक्षा कमी चेंडू टाकू द्यायचे, याचा मला राग यायचा. वीस झाले की "बास." मी म्हणायचे, "चाचा, अजून दहा." ते खिशातला दाणा तोंडात टाकून दुसरीकडे बघायचे. ही त्यांची नाही म्हणायची पद्धत होती, आणि तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

सोळाव्या वर्षी राज्याच्या शिबिरासाठी निवड होती. बाबांनी अट घातली, "राज्यात गेलीस तर खेळ. न्हाई तर जूनपासून क्लासला बसायचं, पुन्हा चेंडूचं नाव न्हाई." मी हसले होते. माझ्याइतका वेगाचा चेंडू विभागात कुणाचा नव्हता, हे मैदानावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. निवड समितीत तिघे होते, त्यात एक चाचा, आणि पिचरच्या बाबतीत बाकीचे दोघे चाचांचाच शब्द मानत. यादी वाचली गेली. माझं नाव नव्हतं. मला वाटलं वाचणाऱ्याने ओळ गाळली. चाचा पाणी प्यायला गेले तशी मी टेबलावरची त्यांची वही उघडली. शेऱ्याच्या रकान्यात माझ्या नावापुढे त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'हात चांगला. हवा आहे. ठेवावी.'

हवा आहे! कॉलेजात तेव्हा हा शब्द रोज कानावर पडायचा. अमक्याची लई हवा हाय, तमकीच्या डोक्यात हवा गेली. म्हणजे चाचांच्या मते मी शेफारलेली होते, आणि मला बाजूला ठेवायला हवं होतं. चार वर्षं ज्यांच्या पाठीमागे सायकलचं कॅरिअर धरून धावले त्यांनी माझ्याबद्दल हे लिहावं, तेही परक्या माणसांना वाचायला! मी तणतणत त्यांच्यापुढे गेले. तो पातेल्याचा ग्लोव्ह तेव्हा माझ्याकडे असायचा. चाचांनी मोठ्या मानाने दिला होता. तो मी त्यांच्या पायाशी आपटला आणि म्हटलं, "घ्या तुमचं चामडं. माझी हवा मी घेऊन जाते."  काही बोलायला तोंड उघडलं त्यांनी, पण मी ऐकायला थांबले नाही. सोळाव्या वर्षी कोण थांबतं? जूनमध्ये मी क्लासला बसले.

डॉक्टर झाले नाही हे वाचकांनी ओळखलंच असेल. दोनदा परीक्षा दिली, दोनदा पडले. बाबा बिचारे शेवटी म्हणाले, "तुला जे जमतंय ते कर बाई." मला एकच जमत होतं. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, नांदेड जिल्ह्यात नोकरी लागली, आधी हिमायतनगरला आणि मग उमरीला. पोरींना बेसबॉल शिकवायला लागले. पण चाचांचं नाव तोंडातून काढलं नाही. पोरींनी विचारलं, तुम्ही कुठं शिकलात मॅडम, तर "पुस्तकातनं" म्हणायचे. लग्नात पत्रिका पाठवली नाही. लातूरला माहेरी गेले की मोंढ्याचा रस्ता टाळायचे. आणि गंमत अशी, की कुणी माझं कौतुक केलं की आतून पहिला आवाज तोच यायचा... हवा आहे. वर्गात जरा मोठ्याने बोलले, हवा आहे. संघ जिंकला आणि मी पेढे वाटले, हवा आहे. माझ्या नवऱ्याने एकदा वैतागून विचारलं होतं, "तू स्वतःला एवढी दाबून का ठेवतीस?" 

मग साक्षी आली. आठवीतली पोर, आई शिवणकाम करते. तिचा पहिला चेंडू बघितला आणि तो हात मी ओळखला, तो माझाच होता. दोन वर्षांत तिने असा वेग पकडला की राज्याच्या शिबिराला पाठवा म्हणून विभागातून निरोप आला. खेळाचे गुण मिळतील, पुढे नोकरीत आरक्षण मिळेल, म्हणून तिची आईही हरखली. फॉर्मवर शेरा मला लिहायचा होता, मुदत दिवाळीपर्यंत होती. आणि माझं पेन पुढे जाईना. चेंडू वेगात जात होता, पण टाकल्यावर ती कोपर जरा अंगाशी धरायची, कुणी बघत नसताना. विचारलं तर म्हणायची, "काही न्हाई मॅडम." पाठवावी की नाही? पाठवली आणि हात गेला तर? नाही पाठवली, आणि तिने माझ्यासारखंच खेळ सोडला तर? तीन दिवस तो फॉर्म पर्समध्ये घेऊन फिरले. हे सांगू शकेल असा एकच माणूस मला ठाऊक होता, आणि त्याच्याशी मी बोलत नव्हते. शेवटी नवरा म्हणाला, "तुझा राग तुझ्याजवळ ठेव की. पोरीचा काय गुन्हा?" रविवारी साक्षीला घेऊन लातूरच्या एसटीत बसले. अहमदपूर येईपर्यंत मी परत फिरायचा विचार तीनदा केला.

चाचा दारात खुर्ची टाकून बसले होते. फार बारीक झाले होते. साखरेने नजर जवळजवळ नेली होती, आणि शबाना म्हणाली की मूत्रपिंडंही थकलीत. मी समोर उभी राहिले. "कोन हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "शिवकांता. कापडवाल्याची." त्यांनी हाताने शेजारची पायरी चाचपून दाखवली. मग म्हणाले, "बस बेटा. ऊन लागलं आसंल. शबाना, पानी आन." एकोणीस वर्षांचा हिशोब त्यांनी पाण्याच्या तांब्यावर मिटवला. मी मात्र मिटवायला आले नव्हते, मी कामाला आले होते. ताठ्यातच सांगितलं की एका पोरीचा हात बघायचा आहे. "बघायला डोळे कुठं हायेत?" ते हसले. "ऐकतो."

शेजारच्या मोकळ्या जागेत मी कॅचर म्हणून बसले. साक्षी चेंडू टाकत राहिली आणि चाचा खुर्चीत डोळे मिटून ऐकत राहिले. खिशातून दाणा काढून दाढेत धरला होता, पण चावत नव्हते. दहाव्या चेंडूला हात वर केला, "बास." साक्षी घाम पुसत जवळ आली. चाचा म्हणाले, "पोरगी लई चांगली हाय. आसा हात मी एकदाच ऐकला हुता. पन हवा हाय अजून."

 एकोणीस वर्षांनी तेच, आणि या गरीब पोरीबद्दल! मी उसळले, "चाचा, ही पोर तोंड वर करून बोलत नाही कुणाशी. तिच्या डोक्यात कसली हवा?"

"डोक्यात?" चाचा गोंधळले. "डोक्याचं कोन बोलून राहिलं? हातात हाय हवा. सोयाबीनमधी आसती तशी. ओला हाय हात. हाडं वाळली न्हाईत पोरीची. पहिले चार चेंडू कट्ट वाजले, मग दबून राहिले. कोपर दुखून राहिलंय का गं तुझं?" साक्षी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "हाव."

हवा म्हणजे ओल! मोंढ्यात दाण्यातल्या ओलीला हवा म्हणतात. तिथलं शेंबडं पोरही हे सांगेल. हवा किती लागली, हवेपायी भाव किती पडला, दिवसभर हेच चाललेलं असतं तिथे. पण मी कापडवाल्याची पोर. मला मीटर म्हणजे कापड मोजायचा कळायचा, ओल मोजायचा नाही. मी खाली जमिनीवरच बसले. म्हटलं, "चाचा, माझ्या नावापुढे तुम्ही हवा आहे लिहिलं होतं."

"हाव. हुतीच की."

"आणि ठेवावी?"

"ठेवावीच. चांगला माल वाळवून ठेवत्यात बेटा. हलका माल खळ्यावरनं विकून टाकत्यात."

मला हसू फुटलं. हसता हसता रडू फुटलं, आणि दोन्ही मिळून असं काही झालं की शबाना आतून धावत आली. चाचांना काही उमजेना. मी सांगितलं, मी काय समजले होते ते सगळं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला... मला वाटलं सलेक्शन झालं न्हाई म्हनून रागावली. पुढच्या आठवड्यात तुझ्या दुकानात गेल्तो मी. तुझे बाबा म्हनले, पोरगी अभ्यासाला बसली, आता तिला नाद लावू नगा. मग काय बोलू?" मी विचारलं, बाबांची अट तुम्हाला ठाऊक होती का? ते म्हणाले, "ठाव हुती. दोन दिवस जेवन गेलं न्हाई. तुझ्या आधी एक पोरगी पाठवली हुती मी, तुझ्याच वयाची. हवा हुती, कळत हुतं, तरी पाठवली. माझंच नाव हुईल म्हनून. तिचा खांदा गेला. आज केस इंचरायला तिला दुसऱ्याचा हात लागतो. तवा म्हनलं, शिवकांताचा खेळ गेला तर जाऊ दे, हात ऱ्हायला पायजे." मग त्यांनी हात पुढे केला, माझा उजवा खांदा चाचपला, दंडापर्यंत दाबून पाहिला, आणि म्हणाले, "ऱ्हायला. चांगला ऱ्हायला." पस्तिशीत मी रोज पोरींना चेंडू टाकते आणि घरी जाऊन स्वतःच्या हाताने वेणी घालते. तो खांदा आपोआप शाबूत राहिला असं मी समजत होते.

निघताना म्हणाले, "तुझा ग्लोज ठेवलाय मी. कुठं ठेवला आठवंना. सापडला की कळवतो." मी म्हटलं, घाई नाही चाचा. परतीच्या एसटीत साक्षी माझ्या खांद्यावर झोपली आणि मी खिडकीतून बघत उमरीपर्यंत उगीचच हसत होते. इतकं हलकं मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. एवढी वर्षं फुकट गेली याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि नंतर कधीतरी वाटलंही, पण त्या दिवशी नाही. ज्या माणसाचा शब्द मी सगळ्यात जास्त मानत होते त्याने मला चांगला माल म्हटलं होतं. सोळाव्या वर्षीच म्हटलं होतं, मला फक्त वाचता आलं नाही.

चाचांच्या चाळिसाव्याला मी लातूरला गेले. जेवणं झाल्यावर शबानाने मला आतल्या खोलीत नेलं. धान्याची पत्र्याची कोठी रिकामी करताना तळाशी सापडलं म्हणाली, आणि फडक्यात बांधलेलं गाठोडं माझ्या हातात ठेवलं. आत तोच ग्लोव्ह. वर कडुलिंबाचा वाळका पाला, जसा आपण वर्षाच्या धान्यात घालतो. चामड्याला करडीचं तेल लावलेलं, एकदा नाही, दरवर्षी लावलेलं असावं, कारण एकोणीस वर्षांनीही ते कुठे तडकलं नव्हतं. तळव्याजवळ मात्र अम्मीच्या पातेल्याचा काळा डाग तसाच. ठेवावी म्हणजे काय, ते माझ्या हातात होतं.

साक्षीचा फॉर्म मी गेल्या आठवड्यात पाठवला. पण आधी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं, समोर बसवलं, ग्लोव्ह तिच्या मांडीवर ठेवला आणि तिच्यासमोरच शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'हात चांगला. हवा आहे. ठेवावी.' मग शिबिर घेणाऱ्या पुण्याच्या माणसांना कळावं म्हणून खाली सरळ मराठीत अर्थ लिहिला, आणि तिला तो मोठ्याने वाचून दाखवला. वर्षभर दिवसाला वीसच्या वर चेंडू नाहीत, हेही सांगितलं. तिचा चेहरा पडला. सोळाव्या वर्षी माझा पडला होता तसाच. मी पर्समधून सोयाबीनचा एक दाणा काढला, त्याच सकाळी एका शेतकरी पालकाकडून मागून घेतला होता, ताज्या राशीतला. म्हटलं, "चाव." तिने दाढेखाली धरला, चावला. दाणा दबला, वाजला नाही. तिने मांडीवरच्या ग्लोव्हवरून हात फिरवला आणि हसली.

"म्हंजे मी अजून ओली हाय का, मॅडम?"

"हाव," मी म्हटलं.